हरवलेल्या पुस्तकाचे पैसे: दंड नको, पुस्तक आणा

आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत यंदा एक ठराव आला, पुस्तक हरवलं की चालू किमतीच्या तिप्पट पैसे घ्यायचे. अहवाल, ताळेबंद वगैरे सगळं नेहमीसारखं "मंजूर, मंजूर" म्हणत उरकलं आणि या एका ठरावावर मात्र चहा थंड होईपर्यंत जुंपली. एक गट म्हणे लोक माजलेत, पुस्तकं घरी नेतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतात, तिप्पट काय पाचपट लावा. दुसरा गट म्हणे अहो जग कुठं चाललंय, अमेरिकेत लायब्रऱ्यांनी दंडच बंद केले आणि आपण वाढवत बसलोय. आवाज दोन्हीकडचे चढले, पण हे पैसे नक्की कशासाठी घ्यायचे हे काही कुणी विचारलं नाही. अद्दल घडवायला? वाचनालयाला चार पैसे सुटावेत म्हणून? की गेलेलं पुस्तक परत कपाटात यावं म्हणून? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: फक्त तिसऱ्या कारणासाठी. ते पुस्तक किंवा त्याची कामचलाऊ प्रत आज परत कपाटात ठेवायला जेवढा खर्च येईल तेवढा घ्यावा, त्याच्यावर एक रुपया नको आणि उगाच दया दाखवून कमीही नको.

आधी परदेशाचा दाखला निकालात काढू, कारण तो फार सैलपणे फेकला जातो. आयर्लंडनं २०१९ पासून देशभर, शिकागोनं त्याच वर्षी आणि न्यूयॉर्कनं ऑक्टोबर २०२१ मध्ये जी बंद केली ती लेट फी, म्हणजे उशिरा आणल्याचा दंड. पुस्तक आणलंच नाही तर काय, हा वेगळा मामला आहे. न्यूयॉर्कमध्ये पुस्तक फार दिवस आलं नाही की ते हरवलं असं धरतात आणि त्याची किंमत तुमच्या खात्यावर चढते, ती काही माफ झालेली नाही. त्यामुळे "तिकडे दंड बंद झाले" हे वाक्य आपल्या ठरावाला लागूच होत नाही. आणि त्या लायब्रऱ्या कराच्या पैशांवर चालतात हेही लक्षात घ्या. आपल्याकडे महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, पण त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर नाही. मद्रासनं १९४८ मध्येच घरपट्टीवर असा उपकर बसवला होता, गोव्याच्या १९९३ च्या कायद्यात तो दारू-बिअरवर आहे (म्हणजे तिथं पिणारा माणूस नकळत वाचणाऱ्याला हातभार लावतो, असो). आपली वाचनालयं मात्र शासनाचं परिरक्षण (म्हणजे चालवण्याच्या खर्चाचं) अनुदान, सभासदांची वर्गणी आणि कुणी दिलं तर देणगी यावर चालतात. "दंडबिंड सोडा हो" म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं.

आता तिप्पटवाल्यांची बाजू, कारण ती दिसते तेवढी दुष्ट नाहीये. शासनाच्या वर्गवारीतल्या सगळ्यात खालच्या, म्हणजे ड वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपालाच्या हातात महिन्याला काय पडतं हे विचारायलाही लाज वाटते, आणि एवढ्याशा पगारावर पुस्तकं गहाळ झाली की बोट पहिलं त्याच्याकडेच दाखवलं जातं. साठा पडताळणीत पन्नास पुस्तकं सापडली नाहीत की समितीतला एखादा तरी हमखास म्हणतो, ग्रंथपालाकडून वसूल करा. मग तो माणूस चांगली पुस्तकं कुलपात ठेवतो आणि सभासदाला म्हणतो "बाहेर गेलंय". मी असतो तरी तेच केलं असतं. शिवाय मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींच्या आसपास निघते, संपली की संपली, पाच वर्षांनी तेच पुस्तक विकत घ्यायला गेलात तर दुकानदार खांदे उडवतो. दहा खंडांच्या संचातला एक खंड गेला तर उरलेले नऊ खंड लंगडे होतात. आणि भरपाई फक्त किमतीएवढी ठेवली तर चोराला काय फरक पडतो, तो म्हणेल दुकानाऐवजी वाचनालयातून घेतलं. हे सगळे मुद्दे खरे आहेत, पण त्यातून तिप्पट हा आकडा निघतो का? मला तरी तो निघताना दिसत नाही.

ग्रंथपालाच्या भीतीचंच घ्या. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, म्हणजे जे नियम पेन्सिलीचाही हिशेब मागतात त्यांत, स्पष्ट लिहिलंय की देवघेव झालेल्या आणि वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तकं गेली तर ते वाजवी धरावं, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांच्या वरचं पुस्तक गेलं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं, मग त्याची किंमत काहीही असो, तर चौकशी झालीच पाहिजे. हे नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहेत, गावच्या वाचनालयाला ते आपोआप लागू होत नाहीत हे मान्य. पण असा नियम आपल्या वाचनालयाच्या घटनेत लिहून घ्यायला कुणी अडवलंय? सरकारी हिशेबतपासनीसाला जी गळती चालते ती आपल्या समितीला चालत नाही आणि तिचा सगळा भार आधी ग्रंथपालावर आणि तिथून सभासदावर येतो. ग्रंथपालाला वाचवायचं असेल तर समितीनं गळतीची मर्यादा ठरवून ठराव करावा, सभासदाच्या खिशात हात घालून त्याची भीती जाणार नाहीये.

आता तिप्पट कशाची, हेही जरा बघू. आमच्याकडे चालू किमतीचा ठराव आला तो यंदा, आत्तापर्यंत आणि अजूनही कितीतरी ठिकाणी हा गुणाकार दाखल रजिस्टरातल्या किमतीवर होतो. ते रजिस्टर कधी उघडून बघा, लांबलचक आडवी पानं, दाखल अंक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिल नंबर, शेवटी शेऱ्याचा रकाना आणि त्यात लाल शाईत कुठंतरी "गहाळ" किंवा "बाद". सत्तरच्या दशकातल्या कादंबरीपुढे किंमत लिहिलेली असते ८ रुपये. तिप्पट म्हणजे २४. आता ही कादंबरी पुन्हा छापलेली नाही आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात तिचे चारशे-पाचशे सहज येतात असं धरा. ज्याला ती हवी आहे त्यानं काय करावं? काउंटरवर जावं, चेहरा पाडून "हरवलं हो" म्हणावं, २४ रुपये भरावेत, पावती घ्यावी. दंड म्हणून ठेवलेला आकडा इथं विक्रीची किंमत झाला, आणि तीसुद्धा पावतीसकट. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला, मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या आईबापांना दंड लावला तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही तो पुन्हा खाली आला नाही. आधी लोकांना बाईंना ताटकळत ठेवल्याचं वाईट वाटायचं, दंड आल्यावर वाटायला लागलं की आपण जास्तीच्या वेळाचे पैसे भरतोय. पुस्तकाचंही तेच होतं, पैसे भरले की मनातली बोच संपते आणि वरून ताठ मानेनं सांगता येतं की मी तिप्पट भरलेत.

मग चालू किमतीच्या तिप्पट केली की प्रश्न सुटला? उलट तो चुकीच्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतो. ज्याला ढापायचंय तो ढापतोच, त्याला चारशेचे बाराशे भरायची वेळच येत नाही कारण तो पत्ता बदलतो, फोन उचलत नाही, डिपॉझिट सोडून देतो. बाराशे भरायची वेळ येते ती खरं सांगणाऱ्यावर, जिच्या पोरानं बसमध्ये पिशवी विसरली त्या बाईवर. आणि ती काय करते? दोनतीन महिने टाळते, मग यायचंच बंद करते. डिपॉझिट वर्षानुवर्षं वाढवलेलं नसतं, दोनशे-तीनशे रुपये, ते जमा करून घेऊन वाचनालय गप्प बसतं. म्हणजे पुस्तक गेलं ते गेलंच आणि महिन्याची वर्गणी देणारा एक सभासद, त्याच्या घरातली वाचणारी पोरं, हेही गेलं. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही म्हणून ते नाहीच असं आपण धरून चालतो. आणि जे पैसे खरोखर जमा होतात ते कुठं जातात हेही विचारा एकदा. बऱ्याच ठिकाणी ते "इतर जमा" मध्ये जातात आणि तिथून वीजबिलात. पुस्तक काही परत घेतलं जात नाही. ज्या पुस्तकाच्या नावानं पैसे घेतले ते घ्यायचंच नसेल तर हे पैसे घेण्याचा अधिकार तरी कशावर उभा आहे?

कायद्यालाही ही पटींची भाषा फारशी मानवत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची असं आधी ठरवलेलं असलं तरी मिळायची ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही त्याची वरची मर्यादा. दंड म्हणून जी रक्कम लिहाल ती सगळी जशीच्या तशी तुमची, असं नाही. चारशेच्या पुस्तकासाठी कुणी कोर्टात जाणार नाही हे मलाही कळतं, पण दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना भरपाई आणि शिक्षा यातला फरक कळत होता आणि आपल्या समितीला कळू नये, हे जरा जास्तच झालं.

पुस्तक सांभाळायचं की वाचायला द्यायचं, हे भांडण काही आजचं नाही. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक लिहून ठेवायचे, तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्, मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम्. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून वाचव आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. हातानं एकेक अक्षर लिहून पाठ मोडलेल्या माणसाचं हे म्हणणं अगदी रास्त होतं. युरोपात मठांनी आणि विद्यापीठांनी पुस्तकं साखळदंडानं मेजांना बांधून ठेवली होती. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानं तर १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याला पुस्तक बाहेर द्यायला नकार दिला, नियम म्हणजे नियम. पुस्तक शंभर टक्के सुरक्षित ठेवायचं असेल तर हाच एक मार्ग आहे, राजालाही द्यायचं नाही. पण आपल्या गावात वाचनालय काढणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी उलटं ठरवलं, की आम्ही देणार, वाण्याला देणार, शिंप्याच्या पोराला देणार. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रं मांडली त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. वापरायला दिलेल्या वस्तूंतल्या काही जाणारच, तो देवघेवीचा खर्च आहे. तो कोणी आणि किती उचलायचा याचं भांडण जरूर घाला, पण दर वेळी चोरी पकडल्यासारखा चेहरा कशाला?

आणि अमेरिकेचाच दाखला हवा असेल तर जॉर्ज वॉशिंग्टनचा घ्या. ऑक्टोबर १७८९ मध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांनी न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीतून आंतरराष्ट्रीय कायद्यावरचं एक पुस्तक नेलं आणि ते परत गेलंच नाही. उशिराचा दंड लावत बसलं असतं तर लाखो डॉलर झाले असते. शेवटी २०१० मध्ये वॉशिंग्टनचं घर सांभाळणाऱ्या संस्थेनं त्याच आवृत्तीची दुसरी प्रत शोधून विकत घेतली आणि लायब्ररीला नेऊन दिली, लायब्ररीनं दंड सोडून दिला. लायब्ररीला पुस्तक हवं होतं, मिळालं, विषय संपला.

पण जे मिळतच नाही त्याचं काय? तिप्पटवाल्यांचा हा खरा हुकमाचा पत्ता आहे आणि इथं बहुतेक लोक गप्प बसतात. खरं तर उत्तर कॉपीराइट कायद्यातच आहे. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात अशी सोय आहे की जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढून घेता येतात, ग्रंथालयाच्या प्रमुखानं तसं सांगितलं की झालं. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर कॉपीराइटच संपतो, मग तोही प्रश्न उरत नाही. म्हणजे शेजारच्या तालुक्याच्या वाचनालयातून प्रत मागवायची आणि झेरॉक्स काढायची. २४० पानांचं पुस्तक, उघडून दोन पानं एका कागदावर, १२० झेरॉक्स, दोन रुपयांनी २४० रुपये, वर पक्क्या पुठ्ठ्याचं बाइंडिंग धरा दीडशे. चारशेच्या आत वाचता येईल असं पुस्तक कपाटात. मूळ आवृत्तीची मजा त्यात नाही, कबूल, पण वाचकाला मजकूर मिळाला. आणि ज्या पुस्तकाची मूळ प्रतच मोलाची आहे, एकोणिसाव्या शतकातलं छापील पुस्तक, लेखकाची सही असलेलं, ते घरी न्यायला दिलंच कसं? ते वाचनालयात बसून वाचायचं. ते देवघेवीच्या कपाटात राहिलं ही समितीची चूक, तिची वसुली सभासदाकडून कशी करणार? संचाचंही तसंच, सुटा खंड मिळत असेल तर सुट्याची किंमत, मिळत नसेल तर झेरॉक्स. एका खंडासाठी अख्ख्या संचाचे पैसे घेणार असाल तर निदान उरलेले नऊ खंड तरी त्या माणसाला घरी नेऊ द्या.

खराब झालेल्या पुस्तकात मात्र पैशांवर सगळं ढकलून चालत नाही. चहाचा डाग पडला, कोपरे दुमडले, शिवण उसवली, ही झीज आहे, वाचलं गेल्याची खूण आहे, त्याचे पैसे मागूच नयेत. पानं सुटली असतील तर बाइंडिंगचा खर्च. पण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातली नेमकी तीसचाळीस पानं ब्लेडनं कापलेली असतात ना, कड इतकी सरळ की पुस्तक मिटलेलं असताना कळतसुद्धा नाही, पुढच्या पोराला ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कळतं, तिथं माझ्यातला मवाळपणा संपतो. त्याची भरपाई कितीही पट लावली तरी पुरी पडत नाही आणि लावूही नये, कारण पटीचे पैसे भरले की तो मोकळा. त्याचं सभासदत्व काढा, वर्षभर आत घेऊ नका. चोराचा मुद्दा मी वर मान्य केला होता त्याचंही उत्तर हेच, मुद्दाम केलेल्या गोष्टीला पैशांचा दर ठेवूच नका. आणि पुस्तक परत घेताना ते काउंटरवरच चाळून बघा, नाहीतर आधीच्यानं कापलेलं नंतरच्याच्या माथी जातं. हा वाद तर प्रत्येक वाचनालयात झालेला असतो.

नियमावलीतले "कोणत्याही कारणाने" हे दोन शब्दही आधी खोडा. कोणत्याही कारणाने पुस्तक हरवल्यास वा खराब झाल्यास सभासद जबाबदार, असं छापलेलं असतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं भिजून लगदा झाली. त्याच दिवशी गावातल्या कितीतरी घरांत, पंख्यापर्यंत पाणी चढलेल्या घरांत, वाचनालयांतून आणलेली पुस्तकंही असणारच की. "कोणत्याही कारणाने" शब्दशः लावायचं तर ज्याचं कपाट, गादी, तांदळाचा डबा वाहून गेला त्याला पुस्तकाचं बिल पाठवायचं. तसलं बिल कुठलंही शहाणं वाचनालय पाठवणार नाही, मग नियमात ते लिहिता कशाला? त्याच १८७२ च्या कायद्याची १५१ आणि १५२ कलमं सांगतात की दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी, आणि तेवढी घेऊनही ती गेली तर, वेगळा करार नसेल तर, जबाबदारी नाही. आपले हे दोन छापील शब्द म्हणजेच तो वेगळा करार. तो ठेवायचा की काढायचा हे सर्वस्वी आपल्या हातात आहे.

राहता राहिला तो दाखल करण्याचा खर्च, म्हणजे नवा दाखल अंक, पहिल्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का, तारखेचा कागद चिकटवणं, पाठीवर लेबल, प्लॅस्टिकचं कव्हर. पंचवीस-तीस रुपये घ्या त्याचे, कुणी हरकत घेणार नाही, फक्त पावतीवर ते वेगळे दाखवा. सभासदानं स्वतः तेच पुस्तक विकत आणून दिलं तर पैशांचा विषयच नको, जुनी नवी आवृत्ती बघत बसू नका, पानं पूर्ण असली की झालं. आणि एक गोष्ट मी पाहिलेल्या एकाही नियमावलीत नाही, ती म्हणजे पैसे भरल्यावर चार महिन्यांनी पुस्तक सापडलं तर काय. माळ्यावर, गाडीच्या डिकीत, माहेरच्या बॅगेत, सापडतात हो. दंड मानलात तर पैसे गेले, आणि मग तो माणूस ते पुस्तक परत तरी का आणेल? किंमत मानलीत तर वाचनालयानं अजून दुसरी प्रत घेतलेली नसेल तर दाखल खर्च वजा करून पैसे परत द्यावेत, आणि घेतलेली असेल तर जुन्या प्रतीवर "बाद" असा शिक्का मारून ती त्यालाच देऊन टाकावी, रजिस्टरात शेरा लिहून.